बोल्ट किती आवळावा?



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "मोटारीच्या इंधनाच्या नळ्यांचे बोल्ट किती आवळावेत, यावर बोलेन." त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. युनियनचा माणूस, तेव्हा तो बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल. मालकाला किती आवळावे यावर बोलला तरी कुणाला नवल वाटणार नाही. पण बोल्ट? मी त्यांना म्हटले, माझ्या तीस वर्षांच्या कामात ज्या एका प्रकरणाने मला सर्वांत जास्त शिकवले, ते प्रकरण एका बोल्टाचे आहे. तेव्हा त्यांनी उदार मनाने परवानगी दिली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. पुढचे जे काही आले ते गॅरेजातल्या खड्ड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात आले. तेव्हा आजच्या बोलण्यात पांडित्य सापडले नाही तर रागावू नये.

प्रथम आपल्यापैकी ज्यांचा पान्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बोल्ट आवळतो म्हणजे आपण काय करतो? पुष्कळांची समजूत अशी की आपण त्याला आत फिरवून बसवतो, आणि बसला की काम झाले. वस्तुतः आपण बोल्ट ताणतो. पोलादाचा असला तरी बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. डोके एका बाजूला टेकले आणि आटे दुसऱ्या बाजूला धरले, की पुढच्या प्रत्येक पिळाबरोबर तो केसभर लांब होतो आणि परत आखडू पाहतो. त्या आखडण्यानेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण कमी पडला तर सांधा गळतो, गाडीच्या थरथरीने सैल होतो. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा तुटतो, नाहीतर ज्या धातूत तो शिरला आहे त्याचे आटे जातात. ही मधली जी योग्य जागा आहे ती गाठण्यासाठी कारखानदार एक आकडा देतो. त्याला टॉर्क म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत बल-आघूर्ण म्हणतात, परंतु गॅरेजात तसे म्हटले तर हेल्पर पळून जाईल.

हा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. दहा न्यूटन-मीटर म्हणजे किती? एक मीटर लांबीची काठी बोल्टाला आडवी लावा आणि तिच्या टोकाला एक लिटर पाण्याने भरलेली पिशवी टांगा; जो पीळ पडेल तो जवळजवळ दहा न्यूटन-मीटर. आता इंधनाच्या यंत्रणेत जागोजाग जो सहा मिलिमीटर आट्याचा लहान बोल्ट असतो, ज्याला आम्ही दहा नंबरचा पाना लावतो, त्याला साधारण एवढाच पीळ पुरतो. पाना वीतभरापेक्षाही लहान असतो, म्हणजे त्याच्या टोकाला आठ किलोंचा जोर झाला की काम झाले. धडधाकट माणूस एका हाताने सहज वीस-पंचवीस किलोंचा जोर लावतो. तेव्हा लहान बोल्ट मोडायला पैलवान लागत नाही. रोज सकाळी पाण्याची बादली उचलणारी कोणतीही बाई तो मोडू शकेल.

येथे कुणी म्हणेल, मग हात जरा आवरून धरावा, अनुभवी माणसाला अंदाज असतोच. मीही पंधरा वर्षे हेच म्हणत होतो. 'हाताला कळते' हे आमच्या धंद्यातले ब्रीदवाक्यच होते, आणि ज्याच्या हाताला कळते तो मिस्त्री, ज्याच्या नाही कळत तो हेल्पर, अशी आमची वर्णव्यवस्था होती.

आता मी त्या प्रकरणाकडे येतो.

साल १९९८, पावसाळ्याचे दिवस. एका मोठ्या गॅरेजात आमची युनियन होती. गॅरेजचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे वीस वर्षे काम केलेल्या एका फिटरने एका डिझेल गाडीचा फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी ती गाडी एका कुटुंबाला घेऊन साताऱ्याकडे निघाली आणि खंबाटकीच्या घाटात बॉनेटमधून पांढरा धूर येऊ लागला. फिल्टरच्या सांध्यातून डिझेल उडत होते आणि तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडत होते. ड्रायव्हर शहाणा होता. त्याने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले, मुलांना आणि म्हाताऱ्या आजींना खाली उतरवले. पेट घेतला नाही, कुणाला ओरखडाही आला नाही. परंतु गाडीवाल्याने गॅरेजात येऊन जे सुनावले ते योग्यच होते. आठवड्यात आमच्या फिटरच्या हाती आरोपपत्र पडले: कामात गंभीर निष्काळजीपणा. शिक्षा ठरल्यासारखीच होती, बडतर्फी. चौकशीत त्याच्या बाजूने उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले.

गाडीचा सांधा खोलून ठेवला होता, तो मी जाऊन पाहिला. फिल्टरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यात डिझेलची नळी ज्या पोकळ बोल्टाने बसवतात त्याला बांजो बोल्ट म्हणतात. बोल्टाच्या पोटातूनच डिझेल वाहते, आणि नळीच्या कड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे एकेक वायसर असते. डोक्यातले आटे पार गेले होते. बोल्टावर ॲल्युमिनियमची चूड स्प्रिंगसारखी गुंडाळली गेली होती, आणि सांध्याभोवती काळा सीलंट थापला होता.

माझा पहिला बेत काय होता सांगू? पुस्तकातला आकडा हा पुस्तकात ठेवायचा, प्रत्यक्ष काम अनुभवाने चालते, वीस वर्षांत या माणसाची एकही तक्रार नाही, तेव्हा ॲल्युमिनियमच मुळात खराब असले पाहिजे, असा बचाव मी रचला होता. तो बळकट करण्यासाठी मी आय. टी. आय.मधल्या एका ओळखीच्या निदेशकांकडे गेलो आणि म्हटले, अनुभवी हात बरोबर आवळतो असे मला लिहून द्या. ते हसले. त्यांनी व्हाइसमध्ये एक तुकडा धरला, त्यात बोल्ट लावला, काट्याचा टॉर्क रेंच आणला आणि काटा फडक्याने झाकला. म्हणाले, "तुमचे तीन जुने फिटर आणा." मी आणले. तिघांनीही 'आता बरोबर बसला' असे म्हणून हात थांबवला. फडके काढून पाहिले तर तिघांचे तीन आकडे, आणि त्यांत जवळपास दुपटीचे अंतर. मग मला आवळायला सांगितले. माझा सकाळचा आकडा आणि दुपारी जेवणानंतरचा आकडा यांचीही गाठ पडेना. बचाव तेथेच संपला.

ते का, हेही त्यांनी समजावले, आणि ते मी आपल्याला सांगितले पाहिजे, कारण त्यातच सगळे आहे. आपण पान्यावर जो जोर लावतो तो बोल्ट ताणण्यात जातो असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. एक रुपयाचा जोर धरला तर त्यातले सुमारे पन्नास पैसे बोल्टाच्या डोक्याखालच्या घासण्यात जातात, चाळीसएक पैसे आट्यांच्या घासण्यात जातात, आणि प्रत्यक्ष ताणाच्या पदरात पडतात फक्त दहा पैसे. हाताला जे 'कळते' ते या नव्वद पैशांचे घर्षण कळते. बोल्टावर गंज असला की घर्षण वाढते, हाताला तो घट्ट वाटतो, आणि आत ताण आलेलाच नसतो. उलट आट्यांना तेल लागले असले की घर्षण उतरते, त्याच जोरात ताण पंचवीस-तीस टक्क्यांनी सहज चढतो, आणि हाताला मात्र बोल्ट अजून सैलच वाटतो. म्हणून पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हे आधी वाचावे लागते. आता विचार करा, डिझेलच्या सांध्यावर काम करणाऱ्या माणसाचे हात, पाना, आटे कधी कोरडे असतात का? जेथे हात सर्वांत जास्त फसतो तेथेच आम्ही हातावर सर्वांत जास्त विसंबत होतो.

आणि तांब्याच्या वायसराची गोष्ट वेगळीच. ते मऊ असते म्हणूनच उपयोगी असते. थोड्या दाबात चपटे होऊन खाचखळगे भरून काढते. पण एकदा दाबले गेले की तांबे कडक होते. तेच वायसर पुन्हा घातले तर त्याच आकड्याला ते गळते. जुने मिस्त्री ते लाल तापवून पुन्हा मऊ करीत आणि वापरीत, ती युक्ती खरी आहे. परंतु नवे घालणे हा सरळ मार्ग. गळते म्हणून फिटर काय करतो? आणखी आवळतो. बोल्ट पोलादाचा, खालचे ॲल्युमिनियम बिचारे नरम. वायसर काही ऐकत नाही, आटे मात्र ऐकतात.

हे सगळे समजल्यावर मी चौकशीत वेगळे प्रश्न विचारले. व्यवस्थापनाचे इंजिनिअर साक्षीला आले होते, त्यांनी त्या बोल्टाचा आकडा पुस्तक उघडून वाचून दाखवला. मी विचारले, गॅरेजात टॉर्क रेंच किती? एक. तो कोठे असतो? वर्क्स मॅनेजरच्या खोलीतल्या कपाटात. कशासाठी काढतात? सिलिंडर हेडसाठी. फिल्टरसाठी कधी काढला आहे काय? नाही. तो तपासून कधी आणला? ते उत्तर आले नाही. मग मी स्टोअरची वही मागवली. तांब्याच्या वायसरांच्या मागणीच्या चिठ्ठ्या तीन महिने 'शिल्लक नाही' असा शेरा मारून परत आल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन याच फिटरच्या सहीच्या होत्या. जॉब कार्डावर त्या कामाला जी मिनिटे दिलेली होती त्यांत मॅनेजरच्या खोलीपर्यंत जाऊन कपाटाची किल्ली मागून येणे बसतच नव्हते.

इथपर्यंत आपल्याला वाटेल की युनियनवाल्याने बाजी मारली. तसे नाही. आदल्या रात्री मी फिटरच्या घरी बसलो होतो. त्याला विचारले, "आटे गेले तेव्हा तुला कळले का?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कळले. पाना एकदम हलका झाला." ज्याने आयुष्यात एकदा जरी बोल्टाचे आटे घालवले आहेत त्याला तो हलकेपणा ठाऊक आहे. पोटात खड्डा पडतो. त्याने तो सीलंट थापून झाकला, कारण सांगितले असते तर नवे डोके त्याच्या पगारातून कापले गेले असते. असे पूर्वी दोघांचे झाले होते.

मी त्याला म्हणालो, उद्या हे चौकशीत सांग. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?" या प्रश्नाला माझ्याजवळ सरळ उत्तर नव्हते. न सांगता कदाचित तो सुटलाही असता. स्टोअरच्या वहीने अर्धी लढाई जिंकलेलीच होती. पण त्या गाडीत मुले होती. वायसर नव्हते, वेळ नव्हता, रेंच नव्हता, हे सगळे मालकाच्या खात्यावर. गाडी बाहेर सोडताना तोंड बंद ठेवले ते आमच्या खात्यावर. मी कपाटाच्या किल्लीबद्दल ओरडायचे आणि सीलंटबद्दल मुके राहायचे, हे मला जमेना. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. बडतर्फी टळली, पंधरा दिवसांचे निलंबन झाले, पंधरा दिवसांचा पगार गेला. त्यानंतर सुमारे वर्षभर तो माझ्याशी बोलत नव्हता. माझे बरोबर होते असे मी आजही मानतो. पण ते पंधरा दिवस त्याने भोगले, मी नव्हे.

निकालानंतर आम्ही मागणीपत्रात तीन कलमे घातली: रेंच खड्ड्याशेजारी फळीवर, वायसर संपण्याच्या आत मागवणे, आणि चूक कळवणाऱ्याच्या पगारातून सामानाची किंमत न कापणे. पहिल्या दोन लौकर मिळाल्या. तिसऱ्यासाठी दोन वर्षे लागली.

टॉर्क रेंचची हकीकत मोठी गमतीची आहे. मोटारीवाल्यांनी ते शोधले असे आपल्याला वाटेल. १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार याला त्याचे श्रेय देतात. जमिनीखालच्या नळांच्या दुरुस्तीत लोक बोल्ट अति आवळून मोडत, म्हणून त्याने ही युक्ती काढली. म्हणजे नळखात्यातल्या माणसाची ही देणगी आहे.

पण रेंच हाती आला म्हणजे अक्कल कपाटात ठेवावी असे नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सतरा हजार फुटांवर निखळली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, आणि सुमारे वीस मिनिटांनी सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवले. कप्तान वाचला, हे आश्चर्यच. ती काच त्याआधीच्या एका रात्रपाळीत बसवली होती आणि तिचे बोल्ट टॉर्क मोजणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरनेच आवळले होते. पण ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाइतके बारीक होते. जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून घेतले होते. माणूस प्रामाणिक होता, रात्र होती, माणसे कमी होती. मोजून आवळलेला चुकीचा बोल्ट हाही चुकीचाच.

आता आपल्यापैकी ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांच्यासाठी थोडे. १९९८ ची ती गाडी आजच्या मानाने साधी होती. आजच्या डिझेल गाडीत इंजेक्टरला जाणाऱ्या पोलादी नळ्यांतला दाब १,६०० ते २,००० बार असतो, म्हणजे आपल्या टायरातल्या हवेच्या आठशे पटींच्या आसपास. तेथे गळती आहे का हे कुणीही बोट लावून पाहू नये. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, बाहेर दिसतो टाचणीचा ठिपका, आणि आतले मांस सडू लागते. तशी जखम झाली तर घरी हळद लावत न बसता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. पेट्रोलच्या नळीत एवढा दाब नसला तरी इंजिन बंद केल्यावरही तो राहतो, म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचे, बॅटरीची वायर सोडवायची, मगच पाना लावायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. त्या खड्ड्यात उतरून बिडी ओढणारे मी पाहिले आहेत, आणि तरुणपणी मीही त्यांतला एक होतो.

नळीचा नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरला पाहिजे. पान्याने सुरुवात केली की आटे तिरके बसतात. एका ओळीतले बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत, मधल्यापासून बाहेरच्याकडे आवळायचे. रेंच सावकाश ओढायचा, 'टक्' झाले की थांबायचे. दुसऱ्यांदा टक् करणे ही आमच्या लोकांची जुनी खोड, देवाला दुसरा नमस्कार घालावा तशी. काम संपले की रेंचची स्प्रिंग सैल करून ठेवायची. आणि त्याने गंजलेला बोल्ट सोडवायचा नाही, ते त्याचे काम नव्हे. डिझेलच्या टाकीकडून येणाऱ्या बाजूला सांधा सैल राहिला तर थेंबही गळत नाही, उलट आत हवा शिरते आणि गाडी बंद पडते. तेव्हा जमीन कोरडी आहे म्हणून सांधा ठीक, असे समजू नये.

शेवटी एक तक्रार, आणि ती आपल्याबद्दल आहे. गाडीवाला खड्ड्याच्या काठावर उभा राहतो आणि म्हणतो, "जरा अजून आवळ रे, मला लांब जायचे आहे." हेल्पर पोरगे असते, साहेबांना नाही कसे म्हणणार? ते पान्याला पाईप लावते. आपण काठावर उभे राहिलात तर कृपा करून एवढेच विचारा: पुस्तकात किती सांगितले आहे, आणि वायसर नवे आहे का? पोरगे चिडणार नाही, उलट त्याला एक आधार मिळेल. मालकाला सांगायला त्याच्याजवळ आपले नाव असेल.

चौकशीत पुरावा म्हणून मांडलेला तो बांजो बोल्ट प्रकरण मिटल्यावर माझ्याकडेच राहिला. आज येताना तो खिशात घालून आणला आहे. आट्यांत ॲल्युमिनियमची चूड अजून तशीच आहे. तसेच आमच्या ऑफिसातला काट्याचा रेंच, एक व्हाइस आणि मूठभर सहा मिलिमीटरचे बोल्ट त्या मागच्या टेबलावर ठेवले आहेत. काट्यावर फडकेही आहे. अध्यक्षांचे भाषण झाले की ज्यांना आपल्या हाताला किती कळते ते पाहायचे असेल त्यांनी तिकडे यावे. बोल्ट मोडला तर पैसे मागणार नाही.